कोष्ट्याचा गुडघा आणि वस्तादांची शपथ

ऐकणाऱ्यांनो, ज्याने तुम्हाला विद्या दिली त्यानेच तुम्हाला दाराबाहेर काढले, तर तुम्ही काय कराल? त्याची निंदा कराल, की निमूटपणे आपले काम करून दाखवाल? उत्तराची घाई नको. आधी कथा ऐका.

फार पूर्वी नदीकाठच्या एका नगरात प्रत्येक पेठेची एक तालीम होती आणि प्रत्येक तालमीचा एक फुटबॉल संघ होता. ग्रामदैवताच्या यात्रेत सामने होत. जिंकणाऱ्या तालमीला मानाची ढाल मिळे आणि पालखीपुढे चालण्याचा अधिकार मिळे.

थोरल्या तालमीचे वस्ताद नामांकित मल्ल होते. कुस्तीत त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. फुटबॉलची त्यांना जाण नव्हती, आणि जाण नाही हे कबूल करण्याची सवयही नव्हती. म्हणून संघाची निवड ते आखाड्यातच करत. खेळाडूंना लाल मातीत उतरवून कुस्त्या लावत. जो चीत होई, तो संघातून जाई.

त्या संघात भैरू नावाचा एक तरुण कोष्टी होता. अंगाने काटकुळा; परंतु मागावर बसून दिवसभर चालणारे त्याचे पाय विलक्षण चपळ होते. चेंडू त्याच्यापाशी सुताने बांधल्यासारखा राही. त्या वर्षी वस्तादांनी त्याची गाठ संघातील सर्वांत दांडग्या बचावपटूशी घातली. टाळी पडली आणि भैरू उताणा झाला.

"वस्ताद," तो दांडगा म्हणाला, "माझा शड्डू ठोकायचा राहिला, तोवर ह्याची पाठ लागली!"

सगळा आखाडा हसला. वस्ताद मात्र हसले नाहीत. "मातीत जो उभा राहत नाही, तो मैदानात काय उभा राहणार? अंगरखा काढून ठेव, भैरू. जा, मागावर बस."

भैरूने संघाचा अंगरखा घडी घालून ठेवला, वस्तादांच्या पायांना हात लावला आणि तो बाहेर पडला.

नदीपलीकडे कुंभारांची तालीम होती. तिने ढाल कधी पाहिलीही नव्हती. तिचे प्रमुख एक वृद्ध कुंभार होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. थोरल्या तालमीने काढलेले आणखी दोन खेळाडू त्यांनी आधीच आपल्या संघात घेतले होते. भैरूलाही घ्यावे असे त्यांच्या मनात आले. परंतु नगराची रीत अशी, की दुसऱ्याचा खेळाडू घेताना त्याच्या जुन्या वस्तादांनी ग्रामदैवतासमोर बेलभंडारा उचलून त्याच्याविषयी खरे काय ते सांगावे.

वस्ताद देवळात आले. भैरू दुसरीकडे चमकला, तर आपली पारख खोटी ठरेल, हे भय त्यांना होते. त्यांनी बेलभंडारा उचलला आणि देवासमोर उच्चारले, "त्याचा गुडघा निकामी आहे."

अण्णांनी परत येऊन भैरूला समोर बसवले. "तुझे वस्ताद शपथेवर सांगतात, तुझा गुडघा गेलेला आहे. खरे काय?"

भैरूचा चेहरा उतरला. शपथ खरी मानली गेली, तर त्याला कोणतीही तालीम घेणार नव्हती; खेळ त्याच दिवशी संपणार होता. तरीही तो म्हणाला, "अण्णा, त्यांनी मला वाढवले. त्यांच्याविरुद्ध तोंड उघडणार नाही. गुडघा माझा आहे. त्याला पळवून बघा."

अण्णांनी त्याला नदीच्या वाळूत सूर्य माथ्यावर येईपर्यंत पळवले. भैरू थांबला नाही. शेवटी अण्णाच खाली बसले. "अरे, बस कर बाबा! तुझ्याकडे बघून माझे गुडघे दुखायला लागले."

भैरूला संघात जागा मिळाली. पहिल्या वर्षी कुंभारांची तालीम एक सामना जिंकली. दुसऱ्या वर्षी तीन. तिसऱ्या वर्षी ती अंतिम सामन्यात पोहोचली. समोर थोरली तालीम उभी होती.

सामन्याआधी वस्तादांनी त्या दांडग्या बचावपटूला संघासमोर बोलावले. "भैरूचा गुडघा निकामी आहे असे मी देवापुढे सांगितले आहे. आज तो खरोखर निकामी कर."

बचावपटू म्हणाला, "वस्ताद, अंगावर जाऊन चेंडू काढून घेईन. आडवा पडेन. पण शपथ तुम्ही खोटी घेतलीत; तिचे पाप माझ्या पायाने का फेडू?"

संपूर्ण संघाने हे ऐकले.

सामना सरळ झाला. बचावपटूने भैरूला दोनदा अडवले. तिसऱ्यांदा भैरूने चेंडू डावीकडे दाखवला, उजवीकडे नेला आणि गोल केला. सामना संपण्यापूर्वी त्याने दुसराही केला. शिट्टी वाजली तेव्हा नदीपलीकडची सारी पेठ मैदानात उतरली होती.

बचावपटू धापा टाकत भैरूजवळ आला. "आखाड्यात ये एकदा, मग दाखवतो!"

"येतो की," भैरू म्हणाला, "पण शड्डू आधी ठोकून घे."

अण्णांनी ढाल कपाळाला लावली आणि पेठेला सांगितले, "उद्या एकही चाक फिरणार नाही. उद्या आपण पालखीपुढे चालायचे." आणि ते चालले. सर्वांत पुढे भैरू आणि थोरल्या तालमीने काढलेले ते दोघे होते. ढाल तिघांनी मिळून धरली होती. मान ताठ होती, पाऊल संथ होते आणि मुखात देवाचे नाव होते.

यातून घ्यावे ते एवढेच: पारख चुकणे हा मनुष्यधर्म आहे, चुकलेली पारख खरी ठरवण्यासाठी दुसऱ्याचा मार्ग अडवणे हे पाप आहे. आणि ज्याला आपले काम येते, त्याने निंदेत श्वास दवडू नये.

वस्तादांचे काय झाले, असे विचाराल. बचावपटूने नगराच्या न्यायपंचांसमोर घडले ते सांगितले. पंचांनी वस्तादांना ना दंड केला, ना तालमीतून काढले. त्यांनी एवढाच निवाडा दिला, की या माणसाची साक्ष पुन्हा ऐकू नये. पुढे शेजाऱ्याने वस्तादांच्या परसात हातभर भिंत पुढे सरकवली. वस्ताद देवळात गेले, बेलभंडारा उचलून खरे तेच बोलू लागले. पंच उठून घरी गेले.