उघडी राहिलेली खिंड

ही गोष्ट फार फार जुन्या काळची. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी ध्यानात ठेवावी अशी. तेव्हा एका उंच डोंगराच्या पलीकडे पहाडी लोकांचा मुलूख होता आणि अलीकडे, अगदी पायथ्याशी, एक गाव होतं. दोन्हींच्या मध्ये एकच वाट होती, एका अरुंद खिंडीतून जाणारी.

पहाडी मुलुखात समुद्रापलीकडच्या एका राजाची फौज बावीस वर्षं तळ देऊन होती. ती कशासाठी आली होती, हे आता कुणालाच धड सांगता येत नव्हतं. एके दिवशी मात्र ती तंबू उपटून निघून गेली. मागे राहणाऱ्यांना ना निरोप, ना त्यांची काही व्यवस्था.

पायथ्याच्या गावात पारावर बोलणी सुरू झाली.

"परके गेले. सुटला एकदाचा तो मुलूख," एक म्हातारा म्हणाला.

"सुटला की उघडा पडला, ते दिसेलच," दुसऱ्याने सुस्कारा टाकला.

घोंगडी विणणारा सनगर गप्प बसून होता. त्याची निम्मी घोंगडी फौजेच्या तळावर जायची. गावातून गवत, तूप, सरपण सगळंच तिकडे जायचं. पण आता ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

आठ दिवसांनी खिंडीतून माणसं उतरली. चाळीसएक असतील. बायका होत्या, म्हातारे होते, पाठीवर लेकरं होती. गावच्या पहाऱ्याचा मुख्य सुभानजी नाईक याने त्यांना वेशीबाहेरच अडवलं. नाईक कडक होता, पण मनाचा वाईट नव्हता.

"कोण तुम्ही? गाव सोडून का आलात?"

त्यांच्यातला एक मध्यमवयीन माणूस पुढे झाला. त्याचं नाव लखमा. "नाईक, मी फौजेकडे दुभाष्या होतो. हे कुणी त्यांचे धोबी, कुणी स्वयंपाकी. फौज गेली, आणि तिने पोसलेल्या भाडोत्री टोळ्या मागे राहिल्या. त्यांच्या हातात हत्यारं आहेत आणि वर कुणी धनी नाही. आम्हाला तिथे राहता येईना."

लखमा दुसरं काही सांगू शकला असता. त्याने खरं सांगितलं, आणि तिथेच घात झाला.

"परक्यांचा दुभाष्या," लोक कुजबुजले. "स्वतःच्या माणसांवर जो उलटला, तो आपल्याशी काय इमान राखणार?"

लखमाच्या कानावर ते गेलं. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही त्यांना गवत विकलंत, मी शब्द विकले. पोट दोघांनाही होतं."

हे बोलणं खरं होतं, म्हणूनच ते कुणाला आवडलं नाही.

गावाने त्यांना ओढ्यापलीकडे मेंढरांचा एक रिकामा वाडा दिला. विहिरीवर यायचं नाही, ओढ्याचं पाणी प्यायचं, असं बजावलं. आणि मग गाव त्यांच्याकडे पाहत बसलं. एकदा संशय बसला की साध्या गोष्टीही साध्या राहत नाहीत. एका बाईने लाल वाकळ वाळत घातली, तर लोक म्हणाले, ही खूण असणार. एक म्हातारा रोज सकाळी टेकाडावर उभा राहून खिंडीकडे बघायचा. लोक म्हणाले, हा कुणाची तरी वाट बघतोय. तो खरोखरच वाट बघत होता. त्याची मुलगी निघताना मागे राहिली होती. पण हे त्याला कुणी विचारलंच नाही.

गावची सुईण भागाई एका पहाडी बाईच्या बाळंतपणाला ओढा ओलांडून गेली. परत आली तेव्हा शेजारणीने दार लोटून घेतलं.

"काय काय सांगितलंस त्यांना गावातलं?" पाणवठ्यावर एकीने विचारलं.

"कळा देणाऱ्या बाईला मी गावातलं काय सांगणार?" भागाई म्हणाली. "तिने माझा हात इतका घट्ट धरला होता की मलाच बोलवत नव्हतं."

त्या दिवसापासून भागाईला विहिरीवर सगळ्यांच्या शेवटी पाणी मिळू लागलं.

शेवटी गावाने नाईकाला घेरलं. "त्या वाड्यावर पहारा हवा."

"माणसं कुठून आणू? माझे सगळे गडी खिंडीतल्या चौकीवर आहेत."

"मग चौकीवरचे उतरव. साप उशाशी असताना रानात कसला पहारा देतोस?"

नाईकाला ते पटलं. त्याने खिंडीतले सगळे पहारेकरी खाली आणले आणि वाड्याभोवती उभे केले.

दुसऱ्याच दिवशी लखमा वेशीवर आला. "नाईक, आमच्यावर दहा पहारे बसवा, पण खिंड मोकळी ठेवू नका. पहाडातलं धान्य संपलं की त्या टोळ्या इकडे उतरतील."

"तुला कसं ठाऊक?"

"बावीस वर्षं मी त्यांचं बोलणं ऐकलंय."

"म्हणजे तू त्यांच्यातला," नाईक म्हणाला. "आणि त्यांच्यातला नसशील, तर तुला काही ठाऊक नाही. उगाच पहारा उठवायला बघतोस."

भागाई जवळच उभी होती. ती म्हणाली, "नाईक, तुम्ही त्याला दोन्ही बाजूंनी बांधलंत. आता त्याने खरं बोलावं तरी कसं?"

लखमा मान खाली घालून परत गेला.

पंधरा दिवस गेले. भर दुपारी, माणसं शेतावर असताना, टेकाडावरचा म्हातारा ओरडू लागला. दोन्ही हात खिंडीकडे करून तो काहीतरी सांगत होता. पहारेकऱ्यांना त्याची भाषा कळेना. त्यांना वाटलं, हा आपल्या माणसांना इशारा देतोय. त्यांनी म्हाताऱ्याला खाली ओढलं, वाड्यात शिरले आणि पुरुषांचे हात बांधू लागले. लखमा परोपरीने सांगत होता, "मागे बघा, फक्त एकदा मागे बघा." त्यालाच सगळ्यात आधी बांधलं.

त्यांनी मागे पाहिलं तेव्हा गावातून धूर निघत होता.

टोळी एका प्रहरात आली आणि गेली; पहारेकरी ओढा ओलांडून पोचले तोवर उशीर झाला होता. धान्याची पेवं उपसून नेली, गुरं हाकून नेली, घरं पेटवून दिली. वेशीवर एकट्याने उभा राहिलेला नाईकाचा धाकटा भाऊ मारला गेला. गावच्या बायका लेकरं घेऊन ओढ्यापलीकडे पळाल्या होत्या. पहाडी बायकांनी त्यांना वाड्यात घेतलं आणि आपल्या वाकळा त्यांच्या अंगावर टाकल्या.

संध्याकाळी नाईक वाड्यात आला. त्याने स्वतःच्या हाताने लखमाचे दोर सोडले.

"तू सांगितलं होतंस."

"सांगितलं होतं," लखमा म्हणाला.

गावात आता खायला दाणा नव्हता. दोन दिवसांनी गावकरी आणि पहाडी लोक मिळून खालच्या अंगाच्या एका मोठ्या गावाकडे निघाले. पण बातमी त्यांच्या आधी पोचली होती. वेस बंद होती. तिथला पाटील वरून म्हणाला, "खिंड तुमच्या ताब्यात होती. ती उघडी राहिली कशी? तुमच्यातल्याच कुणीतरी आतून वाट दिली असणार. अशी माणसं मी गावात घेऊ का?"

खिंड सुभानजी नाईकानेच उघडी ठेवली होती. तो भावाच्या रक्ताने डागळलेलं उपरणं खांद्यावर घेऊन नुसता उभा राहिला.

तेव्हा लखमा पुढे आला. "पाटील, या माणसाने चूक केली, दगा नाही केला. त्याची चूक माझ्याच अंगावर आली होती, म्हणून मला नीट माहीत आहे."

पाटलाने त्याला न्याहाळलं. "आणि तू रे कोण?"

लखमाने ओठ उघडले आणि मिटले. मागच्या वेळी खरं सांगून काय झालं, ते त्याला आठवत असावं.

नाईक म्हणाला, "तो आमच्या गावचा आहे."

बराच वेळ वेस बंदच होती. मग एक दार निम्मं उघडलं. बायका-मुलांना आत घेतलं, पुरुषांना बाहेरच्या धर्मशाळेत ठेवलं, आणि त्यांच्यावर चार पहारेकरी बसवले. नाईकाने त्या पहाऱ्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पेरणीच्या सुमारास सगळे परत आले आणि घरं पुन्हा उभी राहिली. खिंडीतली चौकी पुन्हा भरली. तिथे तेव्हापासून एक गावचा आणि एक पहाडी, असे जोडीने पहारेकरी असायचे. गेलेलं धान्य दुसऱ्या वर्षी पिकलं. नाईकाचा भाऊ मात्र परत आला नाही, आणि त्या म्हाताऱ्याची मुलगीही आली नाही.

तात्पर्य: सावधपणा वाटेवर नजर ठेवतो आणि संशय आसऱ्याला आलेल्यावर, म्हणून संशयी गावाला संकट नेहमी पाठीमागून गाठतं.