सौर पॅनेल आणि गप्प राहिलेले गुरुजी

माळावरच्या एका गावात एक शाळा होती. शाळेला चार खोल्या होत्या, पटावर नव्वद मुलं होती, पण प्यायला पाणी नव्हतं. अंगणात बोअरवेल होती. पण शाळेच्या वेळेत वीज क्वचितच असे, आणि विजेशिवाय पंप चालत नसे. म्हणून सातवीच्या मुली रोज सकाळी कळशा घेऊन ओढ्यावर जात. त्या परत येईपर्यंत गणिताचा तास संपलेला असे.

एका संस्थेला हे कळलं. तिने शाळेच्या छपरावर सौर पॅनेल बसवून दिली, एका खोलीत आठ मोठ्या बॅटऱ्या मांडल्या आणि त्यांच्यावर पंप जोडला. पाणी आलं. वर्गात पंखे फिरू लागले. मुली तासाला बसू लागल्या.

जोडणीला संस्थेचा युसूफ मिस्त्री आला होता. काम संपलं तेव्हा त्याने विचारलं, "मी गेल्यावर याची देखभाल कोण करणार?"

शिक्षक एकमेकांकडे बघू लागले. मुख्याध्यापक भालेराव गुरुजी म्हणाले, "बघू, करेल कोणीतरी."

शाळेत खिचडी शिजवणारी तान्हाबाई दारात उभी होती. पदराला हात पुसत ती म्हणाली, "मला दाखवा."

मिस्त्रीने दाखवलं. पॅनेल उन्हं तापायच्या आत धुवायची, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की काच तडकते. दर पंधरा दिवसांनी बॅटरीची झाकणं उघडायची. पाणी कमी झालं असेल तर बॅटरीचं विकतचं पाणीच घालायचं. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते घातलं तर बॅटरी मरते.

तान्हाबाईला लिहिता येत नव्हतं. झाकणं उघडून बघितली की ती बॅटरीच्या खोलीतल्या भिंतीवर कोळशाने एक रेघ ओढी. दोन वर्षं ती रेघा ओढत राहिली. दोन वर्षांत पंप एक दिवसही बंद पडला नाही.

मग वरून कागद आला. प्रत्येक शाळेने एक 'सौरमित्र' नेमावा, त्याला ओळखपत्र आणि थोडं मानधन मिळेल, असं त्यात होतं. शाळा समितीची बैठक बसली. सरपंच दौलतराव म्हणाले, "आमचा पुतण्या विक्रम आहे. शिकलेला आहे. त्याचं नाव घाला." मग त्यांनी गुरुजींना विचारलं, "आतापर्यंत हे कोण बघत होतं?"

तान्हाबाई दाराशी बसली होती. तिने गुरुजींकडे पाहिलं.

गुरुजींना सगळं ठाऊक होतं. पण निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. सरपंचांशी वाकडं नको होतं. ते समोरच्या कागदाकडे बघत म्हणाले, "असंच, सगळे मिळून बघत होतो."

विक्रमचं नाव लागलं.

तान्हाबाईने खोलीची किल्ली त्याच्या हातात दिली. ती म्हणाली, "पंधरा दिवसांनी झाकणं उघड बाबा. बोअरचं पाणी तेवढं घालू नको."

"हो मावशी," विक्रम म्हणाला. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं.

ओळखपत्र गळ्यात घालून विक्रमने छपरावर उभं राहून एक फोटो काढला. त्यानंतर तो छपरावर चढला नाही. रस्त्याचा फुफाटा पॅनेलवर बसू लागला. तान्हाबाईला ते खालूनही दिसे. तिने गुरुजींना एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. गुरुजी दोन्ही वेळा म्हणाले, "बोलतो त्याच्याशी." बोलले नाहीत.

शेवटी एका सकाळी तिलाच राहवलं नाही. फडकं आणि बादली घेऊन ती वर गेली. चार पॅनेल धुऊन झाली असतील, तेवढ्यात दौलतराव रस्त्याने आले. त्यांनी खालूनच हाक मारली, "बाई, खाली उतरा. ज्याचं काम त्याला करू द्या. बाईमाणूस छपरावर, बरं दिसतं का ते?"

ती उतरली. गुरुजी व्हरांड्यात उभे होते. ते वर्गात गेले.

उन्हाळा आला. विक्रमने कधी नव्हे ते बॅटऱ्यांची झाकणं उघडली. आत पाणी नव्हतं. विकतचं पाणी आणायला तालुक्याला जावं लागलं असतं. त्याने बोअरच्या नळाखाली बादली भरली आणि सगळ्या बॅटऱ्यांत ओतली. महिनाभरात पंप थांबला.

पुन्हा बैठक बसली. विक्रम म्हणाला, "मी नियमानं सगळं करत होतो. तान्हाबाई छपरावर चढली होती. तिनंच काहीतरी हलवलं असणार." दौलतरावांनी लगेच ठराव मांडला, की तान्हाबाईला कामावरून कमी करावं.

तान्हाबाई म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सांगा."

गुरुजींच्या ओठावर शब्द आले होते. पण त्यांनी घसा खाकरला आणि ठरावावर सही केली.

तान्हाबाईने चूल झाडली, भांडी पालथी घातली आणि ती भावाच्या गावी निघून गेली.

पंधरा दिवसांनी युसूफ मिस्त्री पंप बघायला आला. त्याने एक झाकण उघडलं, आत पांढरा थर बघितला आणि बाकीची झाकणं उघडायच्या भानगडीत पडला नाही. मग त्याची नजर भिंतीवर गेली. रेघा मागच्या पावसाळ्यापर्यंत नीट ओळीत होत्या. पुढे भिंत कोरी होती.

"त्या बाई कुठे आहेत?" त्याने विचारलं.

"त्या काम सोडून गेल्या," गुरुजी म्हणाले.

मिस्त्रीने हत्यारं पिशवीत भरली. तो म्हणाला, "या बॅटऱ्या आता भंगारात द्या. संस्थेनं एकदा दिल्या. पुन्हा देणार नाहीत. त्या बाईंच्या हाताखाली या अजून चार वर्षं चालल्या असत्या." चहा न घेताच तो गेला.

छपरावर ऊन पूर्वीसारखंच पडत होतं. खाली मुली पुन्हा कळशा घेऊन ओढ्यावर जाऊ लागल्या. त्यांत रेवती नावाची मुलगी होती. गणितात तिच्यासारखी हुशार मुलगी त्या शाळेत पूर्वी झाली नव्हती. दीड महिना ती पाणी भरत राहिली. मग ती शाळेत यायचीच थांबली.

गुरुजी तिच्या घरी गेले. तिचे वडील किसन गवंडीकाम करत. ते ओट्यावर बसले होते. गुरुजी म्हणाले, "किसनराव, पोरीला पाठवा. तिचं डोकं चांगलं आहे."

किसन म्हणाले, "ठाऊक आहे गुरुजी. दोन वर्षं रोज घरी येऊन गणितं सांगायची मला. पण आता रोज पाणीच भरायचं असेल, तर ती घरचं भरेल."

आत रेवती भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही. गुरुजी चपला घालून परत फिरले. तिला पुढच्या वर्षी मामाच्या गावी पाठवून दिलं आणि तिथेच तिचं लग्न ठरवलं, असं नंतर कानावर आलं.

पुढे गुरुजी निवृत्त झाले. शाळेच्या अंगणात मांडव पडला. दौलतरावांनी त्यांना शाल आणि नारळ दिला. भाषणात ते म्हणाले, "असा सज्जन माणूस मिळणार नाही. इतक्या वर्षांत गुरुजींनी कोणाचं मन दुखावलं नाही. कोणाच्या विरोधात कधी एक शब्द काढला नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गुरुजींना बोलायला उभं केलं. ते उभे राहिले. समोर गाव बसलं होतं, विक्रम पहिल्या रांगेत होता. गुरुजींना वाटलं, आज सांगावं. आज कोणी काही वाकडं करू शकत नाही. त्यांनी तोंड उघडलं. पण इतकी वर्षं जे केलं नव्हतं, ते त्या दिवशीही जमलं नाही.

"सर्वांचा आभारी आहे," एवढं म्हणून ते खाली बसले.

तात्पर्य: खोटं बोलणारा एकदा नुकसान करतो; पण खरं ठाऊक असून जो गप्प बसतो, तो ते नुकसान कायमचं करून ठेवतो, आणि त्याची किंमत नेहमी दुसऱ्याच्या लेकराला मोजावी लागते.