निंबदऱ्याच्या तक्रारीच्या पायऱ्या

बसा, पाहुणे. आज धुकं धरलंय, म्हणून ह्या बारा पायऱ्या तुम्हाला अर्ध्याच दिसतात. जिल्ह्याचा साहेब इथं आला, त्या दिवशी मात्र आभाळ लख्ख होतं, असं सांगतात. पौषातलं कोवळं ऊन, वारा पडलेला, आणि घाटातून उतरणारा साहेबाचा घोडा म्हणे कोसभरावरून दिसला.

पायऱ्यांच्या वर आता नुसतं जोतं राहिलंय. तिथं कचेरी होती. तालुक्याहून लहान मुलखाला तेव्हा पेटा म्हणत. आमच्या निंबदरे पेट्यात अठ्ठेचाळीस गावं, वर सरकारचा अंमलदार, महालकरी. तो महिन्याच्या महिन्याला न्याय द्यायचा.

एके साली बातमी आली की सरकार काही पेटे मोडणार, आणि साहेब स्वतः पाहून ठरवणार. गाव घाबरलं. पाटलांनी सगळ्यांना भैरोबाच्या देवळात जमवलं. पाहुणा येताना घर झाडतात, तसा पेटा झाडून ठेवू, असं ठरलं. कचेरीत एकही तंटा दिसता कामा नये. साहेब गेला की ज्याचं त्याला देऊ, अशी देवापुढं शपथ घेत सगळ्यांनी बेलभंडार उचलला आणि आपापले अर्ज मागे घेतले.

मागे राहिला एकटा तुळाजी. त्याच्या शेजाऱ्यानं, रावजीनं, बांध सरकवून तुळाजीची विहीर आपल्या रानात घेतली होती. नऊ वर्षं तुळाजी ह्या पायऱ्या चढला. शेवटी महालकऱ्यानं स्वतः साखळी धरून रान मोजलं होतं. विहीर तुळाजीची निघाली. लेखी निकाल तेवढा बाकी होता.

"पुढल्या सोमवारी निकाल हाय, पाटील," तुळाजी म्हणाला.

"अरं, इहीर एकाची, कचेरी अठ्ठेचाळीस गावांची. साहेबाची पाठ फिरली की दुसऱ्या दिवशी अर्ज कर. मीच साक्षीला येतो."

तुळाजी उठून जायला निघाला. तेव्हा पाटलांनी डोईचं पागोटं काढून त्याच्या पायावर ठेवलं.  तुळाजीनं पाटलांनी पुढं केलेल्या कागदावर अंगठा उठवला.

साहेब आला. कचेरीला नवा चुना, दारात आंब्याचं तोरण. आत चिटपाखरू नाही. साहेबानं अर्जांची वही उघडली, चार पानं उलटली.

"माणसं कुठं आहेत?"

पाटील छाती काढून म्हणाले, "आमच्या पेट्यात भांडणंच नाहीत, सायेब."

साहेब हसला नाही की रागावला नाही. दूध प्याला आणि गेला.

शिमग्याच्या आत हुकूम आला. जिथं तंटा नाही तिथं कचेरी कशाला? पेटा मोडला. गावं घाटापलीकडच्या तालुक्याला जोडली. दप्तरं सात गाड्यांत भरून गेली, आणि गाव म्हणे वेशीपर्यंत गाड्यांमागं चालत गेलं, मयतीला जातं तसं.

तुळाजी दोनदा घाट ओलांडून गेला. जायला दोन दिवस, यायला दोन. तिथल्या कारकुनानं त्याला त्याचाच अंगठा दाखवला. वर लिहिलं होतं, राजीखुशीनं तंटा मिटला. साक्षीला पाटील आले नाहीत. वाईट माणूस नव्हता तो. लाजेनं घराबाहेरच पडला नाही, असं सांगतात. तुळाजीचं रान वाळलं. मग तो रोज इथं, ह्या पायऱ्यांवर येऊन बसे. इथंच एका दुपारी गेला.

त्या सालापासून ही रीत पडली. आजही साहेब आला त्या तिथीला, पौष वद्य पंचमीला, घराघरातून एक माणूस ह्या पायऱ्या चढतो आणि मोकळ्या जोत्यापुढं आपली तक्रार मोठ्यानं सांगतो. तक्रार नाही, असं म्हणायची त्या दिवशी गावात बंदी आहे. गेल्या साली एक नवी सून म्हणाली, "सासूबाई भाकरी मोजून वाढतात!" तर खालून सासू ओरडली, "आन् तू उठतीस कवा, ते बी सांग की!" हसतात लोक. ऐकून घेणारा वर कुणी नसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

पण पहिली तक्रार तुळाजीची. ती गुरव सांगतो, आणि तेव्हा कुणी हसत नाही. तुळाजी शेवटचा रावजीकडे गेला होता, देवापुढची शपथ आठव म्हणून सांगायला. रावजी त्याच विहिरीवर मोट हाकत होता. त्यानं बैल थांबवले, तांब्या भरून पुढं केला आणि गोड आवाजात जे म्हणाला, तेवढंच गुरव म्हणतो: "पी की, तुळाजी. कवा बी ये, माग आन् पी. आपल्यात काय भांडण हाय का?"