गेनबा लोहाराची भस्त्रिका

वेळ सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. ठिकाण खैरमाळच्या शाळेचे मैदान. सतरंजीवर त्रेचाळीस माणसे बसली होती. त्यांतली बेचाळीस हजेरीपुरती आली होती. उरलेला एक खरोखर शिकायला आला होता. त्याचे नाव गेनबा पोपळघट. त्या गावात त्याच्याइतका भोळा लोहार दुसरा नव्हता. तसा दुसरा लोहारच नव्हता.

योगशिबिर पाच दिवसांचे. शेवटच्या दिवशी जिल्ह्याहून मोठे साहेब येणार होते, म्हणून घरटी एक माणूस पाठवा, असा ग्रामपंचायतीने हुकूम काढला होता. मृग नक्षत्र आठ दिवसांवर. पेरणीच्या तोंडावर ज्या घरात जे माणूस कामाचे नव्हते, ते त्या घराने पाठवले. गेनबाच्या घरात मात्र माणसेच दोन. तो भट्टीवर भाता ओढायचा आणि त्याची बायको कडूबाई घण मारायची. गावचे सव्वीस फाळ पाजवायला दारात पडले होते. मृगाआधी ते झाले नाहीत, तर गिऱ्हाईक बाजारगावच्या वेल्डिंगच्या दुकानात जाणार होते. आणि एकदा तिकडे गेलेले गिऱ्हाईक परत येत नाही.

"काय शिकायचं ते शिकून या," कडूबाई म्हणाली. "पन सातला भात्यावर पायजे तुमी."

योगाचे आष्टीकर सर तालुक्याहून आले होते. म्हणाले, "आज भस्त्रिका. ताठ बसा. लोहाराच्या भात्यासारखा जोरात श्वास आत, जोरात बाहेर. अंगात उत्साह येतो."

बेचाळीस जणांनी गेनबाकडे पाहिले. गेनबाची छाती फुगली. "सर, कुठवर करायचं?"

"तू भाता कुठवर ओढतोस?"

"लोखंड लाल होईस्तवर."

"मग तसंच," सर म्हणाले. त्यांचे डोळे फोनमध्ये होते.

बाकीचे दहा श्वासांनंतर थांबले. गेनबा थांबला नाही. सरांनी मान वर केली तेव्हा तो सतरंजीवर आडवा होता.

"लाल झालो का?" त्याने विचारले.

"पांढरा झालास. अरे शहाण्या, दहा वेळा करायचं आणि थांबायचं. डोळे मिटून शांत बसायचं. मग पुन्हा दहा. नाहीतर चक्कर येते."

"आसं व्हय," गेनबा म्हणाला.

घरी येऊन तो भात्यावर बसला. दहा वेळा ओढला, थांबला, डोळे मिटून शांत बसला. निखारे काळे पडले. कडूबाईने वर उचललेला घण तोवर खाली आला होता. थंड फाळाचे दोन तुकडे झाले. फाळ सरपंचांचा होता.

"भाता काहून थांबवला?"

"चक्कर यील त्याला."

कडूबाईने घण लांब नेऊन ठेवला. हातात राहिला असता तर तिलाच स्वतःची खात्री नव्हती.

मंगळवारी सरांना हे कळले. "अरे, चक्कर भात्याला येत नाही, माणसाला येते. तुला आली, तर जे चाललंय ते तिथंच सोडायचं आणि खाली बसायचं."

"आसं व्हय."

दुपारी साहेबांसाठी मंडप उभारायचे काम निघाले. ऊन बेचाळीस अंशांचे. चौघांनी लोखंडी सांगाडा डोक्यावर धरला होता. चौथा कोपरा गेनबाकडे होता. गेनबाला चक्कर आली. तो खाली बसला. सांगाडा उरलेल्या तिघांवर बसला.

"सोडलास कशाला रे?" सांगाड्याखालून ग्रामसेवकाने विचारले.

"जिथं व्हतं तिथंच सोडलं. वर व्हतं, वर सोडलं."

बुधवारी सर चिडलेले होते. त्यांनी छापील सूचनापत्र गेनबाच्या नाकासमोर धरले. "नियम तिसरा. रक्तदाब असेल, हृदयाचा त्रास असेल, त्यानं हे करू नये. जरा जरी शंका आली तर आधी डॉक्टरांना विचारावं, मगच हात लावावा. मनानं काही करायचं नाही. समजलं?"

"आसं व्हय."

त्याच दुपारी भट्टीची ठिणगी उडून शेजारच्या शेषराव गाडेकरांच्या कडब्याच्या गंजीत पडली. गेनबाच्या हातात पाण्याची भरलेली बादली होती. त्याला शंका आली. बादली खाली ठेवून तो नऊ किलोमीटरवरच्या दवाखान्याकडे चालू लागला. डॉक्टर नव्हते. ते साहेबांच्या दौऱ्याच्या तयारीच्या बैठकीला गेले होते. गेनबा दिवस मावळेपर्यंत तिथे बसून राहिला.

तो परतला तेव्हा गंजीची राख झाली होती. कडूबाईचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे होते.

"डाक्टर न्हाईत. सकाळी इचारतो," गेनबा म्हणाला.

"आता काय इचारता, राखंचं औशद?" कडूबाई म्हणाली. "लाल दिसलं की कुनाला इचारायचं न्हाई. उचलायचं आन् पान्यात घालायचं. लोहाराच्या जातीला हे सांगावं लागतंय व्हय?"

"आसं व्हय."

गुरुवारी काही घडले नाही, कारण गुरुवारी सर आले नाहीत. गेनबाने दिवसभर भाता ओढला आणि नऊ फाळ झाले. सोमवारपासूनचे धरून अकरा. कडूबाई म्हणाली, "उद्या जाऊ नगा. चार दिस ऱ्हायलेत." पण ग्रामसेवकाचा निरोप आला: लोहार पहिल्या रांगेत हवा, साहेबांना खरा भातेवाला दाखवायचा आहे.

शुक्रवारी साहेब सहाला यायचे ते आठला आले. तोवर सरपंचांच्या घरी त्यांचा शिरा झाला, उपमा झाला, दोनदा चहा झाला. साहेबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या ड्रायव्हरच्या खिशात होत्या, हे शिबिरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. रिकाम्या पोटी करावे हा पहिला नियम. तिसरा आधी आलाच आहे. दोन्ही नियमांखाली सही साहेबांचीच होती. सही करायला कागद वाचावा लागत नाही. आष्टीकर सरांनी वाचला होता, पण साहेबांना कोण सांगणार? त्यांनी घसा खाकरला आणि माईक पुढे केला.

"आपण दहावर थांबणार नाही," साहेब माईकवर म्हणाले. "आपण साठ करू."

फोटो निघू लागले. वीसला साहेबांचे कान लाल झाले. चाळीसला मान लाल झाली. बावन्नला साहेब माईकसकट उताणे पडले.

सरपंचांनी ग्रामसेवकाकडे पाहिले. ग्रामसेवकाने सरांकडे पाहिले. सरांनी सूचनापत्राकडे पाहिले. साहेब पडल्यावर त्यांना हात कोणी लावायचा, याचा आदेश साहेबांनीच द्यायचा असतो, आणि साहेब तर पडले होते.

गेनबाने कोणालाच विचारले नाही. तो शिकला होता. त्याने साहेबांना उचलले, शाळेच्या फाटकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला आणि समोरच्या आपल्या भट्टीजवळच्या, तापलेले लोखंड बुडवायच्या दगडी डोणीत त्यांना घातले.

चर्र आवाज आला नाही. म्हणून त्याने त्यांना पुन्हा बुडवले.

तिसऱ्या वेळी साहेबांनी डोळे उघडले. ते ओल्या कपड्यांनिशी गाडीत बसले आणि गेले. तासाभरात पोलिसांची गाडी आली आणि गेनबा तिच्यात बसून गेला. जाताना त्याने हवालदाराला विचारले, "सायेबाला बुडवायचं ते थंड झाल्यावर का?" हवालदाराने हा प्रश्न कबुलीजबाब म्हणून लिहून घेतला.

मृग लागला तेव्हा गेनबा कोठडीत होता. एकटीला भाता आणि घण दोन्ही होत नाही. तीन दिवस वाट पाहून लोकांनी आपापले फाळ उचलले आणि बाजारगावची वाट धरली. भट्टी थंड आहे.

गुन्हा सरकारी कामात अडथळा आणल्याचा आहे. साहेब त्या वेळी बेशुद्ध होते, असे अकरा साक्षीदारांनी लिहून दिले आहे. कडूबाई रोज ठाण्यात जाते आणि फौजदारांना एकच विचारते, की बेशुद्ध पडून साहेब कोणते सरकारी काम करत होते. आज सतरावा दिवस आहे. उत्तर मिळालेले नाही.