ठकूमाय सगळ्यांच्या पुढं चालते

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. तेव्हा या गोष्टीतली हिमनदी आजच्यापेक्षा दोन कोस खाली उतरलेली होती, एवढ्यावरून काय तो अंदाज बांधा.

उत्तरेला, हिमालयाच्या पोटात, भोजगाव नावाचं खेडं आहे. दगडांची पंचवीस-तीस घरं, मागं भूर्जाची झाडं, आणि गावापासून वर चढत गेलेली लांबच लांब दरी. त्या दरीच्या टोकाला हिमनदी. नदीच ती, पण गोठलेली. दोन कड्यांच्या मधोमध डोंगराएवढी उभी. तिच्या पोटातून पाणी बाहेर पडतं आणि खाली त्याची वाहती नदी होते. तिला बघायला लांबलांबून माणसं यायची, अजून येतात. आणि त्या गावात कुणालाही विचारा, या दरीत थोर कोण होऊन गेलं, तर ती माणसं राजाचं नाव घेत नाहीत की साधूचं घेत नाहीत. ठकूमायचं घेतात. आता ठकू हे नाव तिकडचं नव्हे, हे तुम्ही ओळखलंच असेल. ते आपल्या माणदेशातलं.

ठकूबाई धनगराची बाई. जिथं पाऊस येतो म्हणतो आणि येत नाही, त्या मुलखात तिचा जन्म गेला. नवरा लवकर गेला. एक मुलगा, धुळाजी, आणि साठ-सत्तर मेंढरं. एकदा त्यांच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या वाड्यावर बरं का, एक गोसावी उतरला. भाकरी खाता खाता तो म्हणाला, "उत्तरेला एक नदी आहे, ती वाहत नाही. उभी असते." ठकूबाईनं त्याच्या ताटात आणखी एक भाकरी घातली आणि ते पुन्हा सांगायला लावलं.

तेव्हा तिच्या डोळ्यांत मोती उतरत होता. वैदूनं सांगितलं होतं, वर्षभर दिसेल, पुढं अंधार. दुसऱ्या दिवशी तिनं धुळाजीला हाक मारली.

"धुळ्या, ती हुबी नदी मला दाव. डोळं हायत तवर."

धुळाजी हसला. त्याला वाटलं, म्हातारीच्या डोक्यात आलंय, दोन दिवसांनी जाईल. पण संध्याकाळी बघतो तर तिनं घोंगडीत भाकऱ्या बांधलेल्या. मग मात्र त्याचं हसू विरलं. मेंढरं भावकीच्या हवाली केली आणि मायलेक निघाले. आठ महिने चालले. वाटेतल्या सात नद्या त्यानं आईला पाठीवर घेऊन ओलांडल्या, असं म्हणतात. कुणी नऊ म्हणतं. आपण सात धरू, सातसुद्धा काही थोड्या नाहीत.

भोजगावात पोचले तेव्हा ठकूबाईला समोरच्या माणसाचा चेहरा धूसर दिसत होता. पलीकडचं माणूस नुसतं हललेलं कळायचं. धुळाजीच्या जिवाला घोर लागला होता. आता दिवसांचा प्रश्न होता.

गावाचा वाटाड्या होता भवानसिंग. दाढीवाला, आडदांड, बोलायला फटकळ. यात्रेकरूंच्या संगतीनं त्याला दक्षिणेकडची बोली मोडकीतोडकी यायची. त्याच्याकडं चाळीस यात्रेकरू वर जायला थांबले होते. त्यानं ठकूबाईला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मान हलवली.

"हिला नेता येणार नाही. आधी कुरण आहे, ते सोपं. मग दगडांचा उतार. ऊन तापलं की वरून दगड सुटतात. त्याच्यापुढं बर्फाचा पूल, खाली ओढा धावतो. सकाळी तो पूल लोखंड असतो, दुपारी लोणी. तिथं पायात बळ लागतं. माझा कायदा एकच, ज्याच्या पायात जोर तो पुढं. बाकीच्यांनी गाठावं."

"आन न्हाई गाठलं तर?" धुळाजीनं विचारलं.

"दर साली एक-दोन माणसं दरी ठेवून घेते."

"कंची माणसं?"

भवानसिंग दाढी खाजवत राहिला. इतक्या वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "मागं राहिलेली," तो म्हणाला. "मागं पडतात, मग गाठायला पळतात. पळताना जातात."

"मग मागं कुणाला ठिवताच कशापायी? आमच्यात लंगडी मेंढी कळपाच्या पुढं घालत्यात. तिच्या चालीनं समदा कळप चालतो. ती मागं ऱ्हायली तर लांडगा तिलाच धरणार."

"आणि शेवटी कोण?"

"धनगर. मी."

भवानसिंग मोठ्यानं हसला. म्हणाला, हिच्या चालीनं गेलो तर सूर्य डोक्यावर येईल. धुळाजी म्हणाला, मग लवकर निघू. त्यांची बराच वेळ जुंपली. शेवटी भवानसिंगच्या बायकोनं चुलीपाशी बसून नवऱ्याला काहीतरी सुनावलं. काय सुनावलं ते कुणाला ठाऊक नाही, पण तो बाहेर आला आणि म्हणाला, "चला."

तर अशी ती रांग निघाली, तांबडं फुटायच्या पुष्कळ आधी. सगळ्यांत पुढं काठी टेकत ठकूबाई, तिच्यामागं तिच्याहून जरा बरं चालणारे, मग त्याहून बरे, आणि अगदी शेवटी धुळाजी. भवानसिंग ठकूबाईच्या खांद्याशी. पहिला तासभर लोक नुसते कुरकुरले. एक जण म्हणाला, असं चालायचं तर बरोबर श्राद्धाचं सामान घ्यायला हवं होतं. तरणी पोरं जांभया देत होती. पण एक नवल झालं. दर साली त्या उंचीवर माणसांची डोकी ठणकायची, ओकाऱ्या व्हायच्या, दम लागून माणसं खाली बसायची. त्या दिवशी एकाचंही डोकं दुखलं नाही. ठकूबाई थांबली की सगळे थांबायचे, आणि धुळाजी मागून पुढं येत एकेकाच्या पाठीला हात लावून मोजायचा, मेंढरं मोजतात तसा. कुरकुर करणारेसुद्धा पुढं पुढं पाठ नीट वळवून उभे राहायला लागले.

दगडांचा उतार उन्हाआधी पार झाला. पूल लोखंडासारखा होता. आणि दिवस कासराभर वर आला तेव्हा सगळी रांग शेवटच्या खडकापाशी पोचली. त्या खडकाला वळसा घातला की हिमनदी.

तिथं भवानसिंगनं सगळ्यांना काळ्या लोकरीच्या विणलेल्या पट्ट्या वाटल्या. बर्फावरचं ऊन डोळे जाळतं, म्हणून त्या डोळ्यांवरून बांधायच्या आणि जाळीतून बघायचं. सगळ्यांनी बांधल्या. ठकूबाईनंही बांधली, वळसा घालून गेली, आणि उभी राहिली.

"धुळ्या, मला काळं दिसतंय."

"जाळी हाय आये, डोळ्यावर. त्यातनं बघ."

"त्यातनं न्हाई दिसत. सोड ही."

भवानसिंग पुढं झाला. "सोडू नकोस. उरलेले डोळे जातील."

"जाणारच हायत ते," ठकूबाई म्हणाली. "पडद्याआडनं बघायला एवढी चालत आलेय व्हय मी?"

तिची बोटं थंडीनं आखडलेली, गाठ सुटेना. तिनं मान धुळाजीकडं वळवली. आता सांगा, त्या लेकानं काय करावं? पट्टी ठेवली तर आठ महिन्यांची वाट पाण्यात. सोडली तर आपल्याच हातांनी आईचे डोळे घालवायचे. मग त्यानं गाठीला हात घातला आणि ती सोडली.

ठकूबाईनं बघितलं. दोन कड्यांच्या मध्ये, नजर वर जाईल तिथपर्यंत, निळं पाणी उभं होतं. पोटात हिरवं, कडेला पांढरं, आणि माथ्यावर ऊन पडलेलं. खाली काळोख्या गुहेतून धार बाहेर पडत होती आणि तिच्या आवाजानं पायाखालचा दगड थरथरत होता. जिनं घागरभर पाण्यासाठी अर्धा अर्धा दिवस घालवला, ती बाई तिथं गुडघ्यांवर बसली.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आन कुणी उपसलं न्हाई."

तिनं पापणी लवू दिली नाही. दवानं भिजलेला घोंगडीचा पदर सुकून वाऱ्यावर उडायला लागेपर्यंत ती बघत राहिली. हिमनदीनंही तिच्याकडं बघितलं आणि वरून निळ्या बर्फाचा एक कडा हळूच खाली उतरवून नमस्कार केला, असं म्हणतात. मग ठकूबाई उठली. काठी तिच्या पायाशीच पडलेली होती, पण ती हातानं चाचपायला लागली. धुळाजीनं ते पाहिलं.

"आये, दिसतंय न्हवं?"

"बघून झालं माजं. काठी दे."

परतताना भवानसिंग म्हणाला, आता हिला पाठीवर घ्या, मी पुढं होतो, ऊन चढलंय. ठकूबाई ऐकेना. गावापर्यंत पुढंच चालेन म्हणाली. पुलाच्या तोंडाशी तिनं पहिलं पाऊल टाकलं आणि थबकली. खाली वाकली. मग चक्क आडवी झाली आणि बर्फाला कान लावला.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणाला वाटलं, म्हातारी चक्कर येऊन पडली. पण धुळाजीला कळलं. माणदेशात नदी आटते तेव्हा बायका वाळूत खड्डा काढून, झिरा काढून पाणी भरतात. झिरा कुठं काढायचा, हे ठकूबाई वाळूला कान लावून सांगायची. पाणी किती खोल, वरवर आहे की तळाशी, सगळं तिला कानानं कळायचं.

"हितनं नगं," ती म्हणाली. "हितं पाणी वरवर हाय. तिकडं कड्याच्या अंगाला खोल वाजतंय. तिकडनं."

भवानसिंग चिडला. कड्याच्या अंगानं वाट दुप्पट होती आणि दिवस वर चढत होता. "तीस वर्षं मी याच वाटेनं जातोय," तो म्हणाला. पण बर्फाकडं एकदा बघितलं आणि कड्याच्या अंगाला वळला.

प्रत्येकानं पुढच्याचं वस्त्र धरलं. चार पावलं, मग ठकूबाई आडवी व्हायची, कान लावायची, उठायची. पुन्हा चार पावलं. शेवटी धुळाजी. त्याच्या मनाची काय कालवाकालव झाली असेल बघा. जिला सात नद्या पाठीवरून आणलं, ती आंधळी होऊन चाळीस माणसांच्या पुढं पोकळ बर्फावर चालली होती, आणि तो तिच्यापासून सगळ्यांत लांब होता. धावत जावं आणि तिचा हात धरावा असं त्याला शंभरदा वाटलं. पण पळणारी माणसं जातात, हे त्यानंच भवानसिंगकडून काढून घेतलं होतं. तो रडत रडत मोजत राहिला आणि जागा सोडली नाही.

धुळाजीचा पाय पलीकडच्या खडकाला लागला आणि मागं भवानसिंगची तीस वर्षांची वाट धाडकन ओढ्यात गेली. पूल तिच्यासाठी थांबला होता, असं म्हणतात. तिचा तळवा जिथं टेकला तिथं बर्फ पुन्हा लोखंड झाला, असंही म्हणतात. काही असो, चाळीसच्या चाळीस गावात आले. भवानसिंगनं आपलं पागोटं काढून तिच्या पायांवर ठेवलं.

मायलेक परत गेलेच नाहीत. बारा उन्हाळे ठकूबाईनं माणसं वर नेली, पुढं ती, शेवटी धुळाजी. बारा वर्षांत दरीनं एकही माणूस ठेवून घेतलं नाही. कुणी विचारायचं, तुला दिसत नाही, मग जातेस कशाला? ती म्हणायची, "दिसत न्हाई कोण म्हणतं? एकदा बघितलंय की."

तेराव्या उन्हाळ्यात परतीच्या वाटेवर वेशीपाशी धुळाजीनं पाठी मोजल्या आणि एक कमी भरली. पुढची जागा रिकामी होती. रांगेतला दुसरा माणूस शपथेवर सांगत होता, की आत्ता, वेशीपर्यंत माझ्या हातात तिचा पदर होता. धुळाजी रात्रंदिवस शोधत फिरला. हिमनदीच्या तोंडाशी ताज्या बर्फावर एका काठीच्या खुणा सापडल्या. त्या सरळ आत गेल्या होत्या, बाहेर आल्या नव्हत्या. तो तिथं बसून मनसोक्त रडला. मग खाली आला, आणि दुसऱ्या दिवशी नवी रांग लावली.

आजही भोजगावातून वर जायचं तर सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढं उभं करतात. त्या दिवसापुरतं त्याचं नाव ठकूमाय. मग तो सावकार असो की साहेब, ठकूमायला ओलांडून कुणी पाऊल टाकत नाही. शेवटच्या खडकापाशी बाकी सगळे आडोशाला थांबतात. आधी ठकूमाय एकटी जाते आणि पोटभर बघते. तिनं बोलावल्यावर इतरांनी जायचं.

गेल्या साली पलटणीतला एक जवान आला होता. सहा फूट उंच, पिळदार मिशा, आणि गुडघा दुखावलेला. "तुम्ही व्हा पुढं, मी येतो मागून सावकाश," तो म्हणाला. गावातल्या एका म्हातारीनं त्याला सांगितलं, बाबा, मागून यायची इथं सोय नाही. तिनं त्याला रांगेच्या पुढं उभं केलं, कपाळाला गंध लावलं आणि ठकूमाय म्हणून त्याच्या पाया पडली. तो मिशांपर्यंत लाजला. पण कुणी हसलं नाही. त्याच्या लंगडत्या चालीनं सगळे वर गेले, तो एकटा खडकाला वळसा घालून पुढं गेला, आणि बाकीचे वाऱ्यात कुडकुडत थांबले. बराच वेळ गेला. कुणी हाक मारली नाही.

तो परत आला तेव्हा डोळे पुसत होता. "या," तो म्हणाला. मग तिथल्या वाटाड्याला हळूच विचारलं, "पुढच्या साली आईला घेऊन आलो तर चालेल का? ती माझ्यापेक्षाही हळू चालते."