एका मैलानं हुकलेलं गाव

बोरखिंडीला डॉक्टर मिळणार नव्हता, कारण गाव एका मैलानं लांब पडलं होतं.

हिवरगड संस्थानच्या तुळाजीराजांचा हुकूमच तसा होता. राजवाड्यापासून वीस मैलांच्या आत जी गावं असतील, तिथं दर गुरुवारी सरकारी डॉक्टर जाईल. मैल मोजायचे ते महाराजांच्या विलायती मोटारीच्या मीटरवर. रस्त्याला मैलाचे दगड नव्हते. होती ती ही एक मोटार, आणि तिच्यावर महाराजांचा कारभाऱ्यांपेक्षा जास्त विश्वास होता. महाराज स्वतः मोटारीत बसून बोरखिंडीच्या वेशीपर्यंत आले, मीटर पाहिलं, "एकवीस" म्हणाले आणि आल्या पावली परत गेले.

गाव हळहळून गप्प बसलं. हौसा गप्प बसली नाही. बैलगाडीची चाकं करणाऱ्या सखाराम सुताराची ही मुलगी. बापाच्या हाताखाली तिनं स्वतः चाकं घडवली होती. तिच्या वहिनीचे दिवस भरत आले होते, आणि मागच्या खेपेचं बाळ डॉक्टर न मिळाल्यानं गेलं होतं. हौसा तडक राजवाड्यावर गेली.

"सरकार, एका मैलासाठी आमास्नी तोडू नगा."

"मैल म्हणजे मैल," महाराज म्हणाले. "आज तुला एक सोडला, तर उद्या पंचवीस मैलांवरचे लोक दारात उभे राहतील. मीटर एकवीस म्हणतंय."

"मीटर चुकलं असंल."

महाराजांच्या मिशा थरथरल्या. "माझं मीटर चुकतं? ठीक आहे. पोरी, आठ दिवसांत तुझं गाव मैलभर जवळ आणून दाखव. घरं हलवायची नाहीत, रस्ता बदलायचा नाही, मीटरला हात लावायचा नाही. मी त्याला लाखेचं सील ठोकतो. जमलं तर डॉक्टर तुझा. नाही जमलं तर बोरखिंडीनं पुन्हा डॉक्टरचं नाव काढायचं नाही!"

"आन् मोटार बघितली तर?"

"बघ की. बघायला काय जातंय?"

मोटारखान्यात इब्राहिम ड्रायव्हर मोटार पुसत होता. हौसानं मोटारीभोवती एक फेरी मारली आणि मागं टांगलेल्या जादा चाकापाशी थबकली.

"चाचा, ह्ये पाचवं चाक मोठं दिसतंय, दुसऱ्या गाडीचं हाय का?"

"नाही गं. ते गाडीबरोबर विलायतेहून आलेलं. बाकीचे चार टायर झिजले, म्हणून गेल्या वर्षी नवे मागवले. त्या मापाचे मिळाले नाहीत, एक नंबर लहान आले. तेच चढवले."

"सरकारांना सांगितलं न्हाई?"

इब्राहिमनं आवाज खाली आणला. "सांगणार होतो. पण त्याच दिवशी वेगाचा काटा पहिल्यांदा पन्नासवर गेला. आधी कितीही दामटली तरी शेहेचाळीसच्या वर जात नव्हती. महाराज इतके खूश झाले, की मला फेटा बांधला. आता तो फेटा डोक्यावर ठेवून तोंड कसं उघडू?"

"बरं, मीटरला मैल कोन सांगतं?"

"पुढच्या डाव्या चाकाला तार आहे. चाक फिरलं, की मैलही फिरतात आणि काटाही हलतो."

हौसानं दोरी काढली. त्या चाकावर आणि पाचव्या चाकावर खडूची खूण केली, एकेक पुरता फेरा जमिनीवर फिरवला आणि मापलं. मोठ्या चाकाचा फेरा जवळजवळ वीतभर जास्त भरला. मीटर रस्ता मोजतच नव्हतं. ते बिचारं फेरे मोजत होतं, आणि प्रत्येक फेरा मोठ्या चाकाचाच आहे असं धरून चाललं होतं. लहान चाकाला तेवढ्याच वाटेत जास्त फेरे पडतात, हे सुताराच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. तिनं इब्राहिमची मनधरणी केली, आणि त्यानं कुरकुरत पुढचं डावं चाक काढून तिथं पाचवं चढवलं.

आठव्या दिवशी महाराज मोटारीत बसले. सील जसंच्या तसं होतं. रस्ता तोच, वेस तीच. मीटर म्हणालं, साडेएकोणीस!

महाराजांनी काच पुसून पुन्हा पाहिलं. मग खाली उतरले, मोटारीभोवती फिरले आणि पुढच्या डाव्या चाकापाशी थांबले.

"हे चाक मोठं आहे. मैल चोरलास तू!"

"चाकाला हात लावू नगं, असं सरकार बोलले न्हाईत. आन् चोरला न्हाई, फुकटचा चढला व्हता त्यो उतरवला. मोटार करनाऱ्यानं मीटर बसवलं ते ह्याच मापाच्या चाकावर. मैल चढवला तो बारक्या चाकांनी." तिनं दोरी पुढं केली. "घ्या, मापून बघा."

महाराजांनी धोतर सावरून खरोखरच मापलं. उठले तेव्हा त्यांच्या मनात भलतीच शंका आली होती.

"इब्राहिम, येताना काटा कितीवर होता?"

"शेहेचाळीस, महाराज." इब्राहिमचा हात फेट्याकडं गेला.

"म्हणजे माझी मोटार पन्नासनं पळतच नव्हती?"

हौसा म्हणाली, "गाडी पळायची तेवढीच पळत व्हती सरकार, आन् गाव हाय तिथंच हाय. आता तुमीच ठरवा. बारकं चाक लावलं तर काटा पन्नासवर, पन बोरखिंड लांब. मोठं लावलं तर बोरखिंड जवळ, पन काटा शेहेचाळीसवर. एकाच चाकाची दोन्ही बोलनी. एक खरं आन् एक खोटं कसं धरायचं?"

महाराजांनी मिशा ओढल्या. मग कुरकुरत म्हणाले, "अगं, पण मी शेजारच्या खैरपूरकरांना पन्नास सांगून बसलोय. ते आपली मोटार पंचावन्ननं पळते म्हणून मिरवतात. त्यांना काय तोंड दाखवू?"

"त्यांनी टायर कवा बदललं, त्ये इचारलं का सरकार?"

महाराज असे हसत सुटले, की त्यांना मोटारीचा आधार घ्यावा लागला. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी हौसाच्या हातावर ठेवलं.

"इब्राहिम, मी इथंच थांबतो. डॉक्टरला आत्ताच घेऊन ये, गुरुवारची वाट बघायची नाही. आणि पोरी, वहिनी मोकळी झाली की कळव. तू, मी आणि तुझी दोरी, तिघं मिळून खैरपूरला जायचंय!"