पहिल्या भाकरीआधी

उंच डोंगरावर, जिथे उन्हाळ्यातही पहाटे कानटोपी लागते, अशा एका गावात एक विणकरीण राहत होती. घर एकाच खोलीचे. एका कोपऱ्यात चूल, दुसऱ्यात घोंगड्या विणायचा माग आणि वर लोकर साठवायचा लाकडी माळा. विणकरणीचे हात फार चपळ होते, मन मात्र भित्रे. भांडे पडले की ती दचकायची, कुणी मागून हाक मारली तरी दचकायची. शेजारची मावशी म्हणायची, "अगं, तुझ्या घरात मांजर शिरलं तर आधी तूच पळून जाशील!"

घरात सुख होते, पण धूर फार. चुलीचा धूर कौलांच्या फटींतून थोडासा बाहेर पडे, बाकीचा खोलीतच घुटमळे. दार-खिडकी उघडावी तर गारठा आत येई, लावावी तर डोळे चुरचुरत. पांढरीशुभ्र लोकर आठ दिवसांत करडी होऊन जाई.

त्याच गावात एक म्हातारा गवंडी होता. आसपासच्या सात गावांतल्या चुली त्याच्याच हातच्या. एकदा तो विणकरणीकडे आला आणि दारातच ठसकला.

"पोरी, तू इथे घोंगड्या विणतेस की धूर विणतेस?"

"सवय झालीय, मामा."

"धुराची कसली सवय! उद्या येतो. नवी चूल घालू आणि वर धुराडं काढू. मोबदल्याचं नाव काढू नकोस. मागच्या थंडीत तुझ्या घोंगडीनं माझी कंबर सांभाळलीय."

दुसऱ्या दिवशी विटा आल्या, माती मळली गेली. गवंड्याने दोरी धरून जागा आखली. विणकरीण बराच वेळ घुटमळली आणि मग हळूच म्हणाली, "मामा, धुराडं जरा भिंतीकडे सरकवता येईल का? इथे उभं राहिलं तर माग बसणार नाही."

गवंडी हसला. "हातभर सरकवू की! आधी तुझा माग, मग माझं धुराडं."

धुराडे उभे राहिले. माती वाळावी म्हणून पाच दिवस चुलीत मंद जाळ ठेवायचा होता. पहिल्या दिवशी जाळ लावून विणकरीण अंगणात धावली. कौलांच्या वर, निळ्या आभाळात, धुराची सरळ रेघ चालली होती. ती पुन्हा आत आली, पुन्हा बाहेर गेली. धूर बाहेर आणि आपण आत, हे तिला खरेच वाटेना. त्या दिवशी मागावर बसताना तिने धुराड्याला हात जोडले आणि मनात गवंडीमामालाही.

विणकरणीची एक सवय होती. माळ्यावरून लोकर काढण्याआधी ती भोवताली हात फिरवून बघायची, कुठे ओल तर आली नाही ना म्हणून. पाचव्या दिवशी असाच हात फिरवताना तिचा तळहात धुराड्याला लागला. माळ्याची मोठी तुळई जिथे धुराड्याच्या विटांत शिरली होती, तिथे भिंत कोमट होती. सहाव्या दिवशी सकाळी तिथेच हात चटकन मागे घ्यावा लागला. आणि वास? लाकूड करपल्यासारखा की आपल्यालाच भास?

"मी काय, कशालाही घाबरते," ती स्वतःशी म्हणाली आणि खाली उतरली.

पण तो दिवस पहिल्या भाकरीचा होता. गावाची रीत अशी, की नव्या चुलीवरची पहिली भाकरी गवंड्याने खायची. त्याने घास घेतला की काम पुरे झाले. मग त्या कामाला कुणी नावे ठेवायची नाहीत. घास घेण्याआधी बोलायची मुभा होती, पण आजवर कुणी बोलले नव्हते. भर मंडळीत गवंड्याचा हात कोण धरणार?

गावकरी जमले. गवंडी धुतलेले मुंडासे बांधून पाटावर बसला. चुलीत मोठा जाळ भडकला, भाकरी टम्म फुगली. जो तो धुराड्याचे कौतुक करत होता. विणकरणीने ताटात भाकरी वाढली, गूळ ठेवला. गवंड्याने तुकडा मोडला.

ज्याने फुकट घाम गाळला त्यालाच चूक दाखवायची? आणि भास निघाला तर गाव आयुष्यभर हसेल. गवंड्याचा हात तोंडाशी गेला.

"मामा, थांबा!"

ओरडून तिची तीच दचकली. सगळे तिच्याकडे वळले.

"माळ्यावर... तुळईपाशी भिंत फार तापलीय, मामा. वासही येतोय."

"घ्या! आता हिला भिंतही भिववायला लागली," मावशी म्हणाली आणि हशा पिकला.

गवंडी हसला नाही. त्याचा चेहरा लाल झाला. "सात गावांत चुली घातल्या मी. माझ्या कामात खोट?"

"खोट नाही म्हणत मी. एकदा फक्त हात लावून बघा. भास असला तर गावासमोर तुमची माफी मागेन."

तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण ती ताटासमोरून हलली नाही. गवंड्याने घास ताटात ठेवला. कुरकुरत शिडी चढला. वर जाऊन त्याने तळहात भिंतीला टेकवला आणि तिथूनच ओरडला, "चूल विझवा! आधी चूल विझवा! आणि पाणी वर द्या!"

एक वीट काढली. मागे तुळईचे टोक कोळशासारखे काळे पडले होते. वारा लागताच त्यात एक लाल रेघ चमकली. गवंड्याने त्यावर घागर रिकामी केली. मग कुणी हसले नाही. माळा लोकरीने गच्च भरलेला होता.

गवंडी खाली येऊन मटकन बसला. "हातभर सरकवताना तुळईचं भानच राहिलं नाही मला."

"मीच म्हटलं होतं ना, मामा, सरकवा म्हणून."

"तू मागाचं बोललीस. लाकूड बघणं माझं काम होतं."

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल, केलेलं विसरली."

"विसरली असतीस तर गप्प बसली असतीस, पोरी. आज तू माझा हात नाही धरलास. माझं नाव राखलंस."

तुळई कापून तिला खाली खांब दिला, धुराडे वीतभर दूर घेतले. माग खिडकीखाली गेला. तिथे उजेड चांगला येतो, हे विणकरणीला तेव्हा कळले.

पुन्हा जाळ झाला, पुन्हा भाकरी फुगली. गवंड्याने तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "आधी वर जाऊन हात लावून ये."

ती गेली, सगळीकडे हात फिरवून आली. "तुळई गार आहे, मामा!"

तेव्हा कुठे त्याने घास घेतला. इतकी गोड भाकरी आपण खाल्ली नाही, असे तो पुढे सात गावांत सांगत फिरला.

विणकरीण भांडे पडले की आजही दचकते. पण नवी चूल घातली की लोक पहिल्या भाकरीआधी तिलाच बोलावतात. सगळ्यात आधी बोलावले ते मावशीने. "ये गं बाई, माझ्याही भिंतीला एकदा हात लावून जा. तुझ्याशिवाय मला घास जायचा नाही."

या गोष्टीचे तात्पर्य एवढेच: ज्याने आपल्यासाठी कष्ट घेतले, त्याची चूक त्याला वेळेवर आणि आदराने सांगणे, हेही त्याचे आभार मानणेच असते.